जुन्या मोटारसायकलीचे मागील आघातशोषक : त्यांची पारख आणि निवड

नवी दिल्लीतील कनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्यामुळे मराठी माणसास तो आता अपरिचित राहिलेला नाही. मार्ग रुंद आहे, सरळ आहे आणि बहुतांशी गुळगुळीत आहे. दहा-बारा वर्षांची जुनी, लांबट बांध्याची क्रूझर मोटारसायकल अशा रस्त्यावरून मोठ्या डौलाने जाते. चालविणाऱ्यास वाटते की, आपल्या वाहनात काहीही उणे नाही. परंतु तेच वाहन, मागे एक माणूस बसवून, पावसाळ्यानंतरच्या खड्ड्याखळग्यांच्या महामार्गावर नेले की निराळाच अनुभव येतो. पुलाच्या सांध्यावर मागचा भाग उसळतो, वळणावर वाहन डुलू लागते आणि ब्रेक दाबताच मागचे चाक क्षणभर घसरते. रस्ता चांगला असेतो जो दोष झाकलेला होता, तो रस्ता वाईट लागताच उघडा पडतो. हा दोष बहुधा मागील आघातशोषकांचा असतो. महाराष्ट्रातील कारागीर त्यांस 'शॉकअप' म्हणतात, तर दिल्लीतील कारागीर 'शॉकर' म्हणतात.

असे आघातशोषक बदलण्याची वेळ आली म्हणजे वाहनाचा मालक सामान्यतः दोनच गोष्टी पाहतो : ते दिसण्यात कसे आहेत, आणि हाताने दाबून पाहता ते मऊ लागतात की कठीण. या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत. आघातशोषकाने कोणते काम करावयाचे असते हे एकदा नीट समजले की, निवड कशी करावी हेही आपोआप समजते.

स्प्रिंग नव्हती तेव्हा

मोटारसायकलीच्या मागच्या चाकास प्रारंभी स्प्रिंग नसे. चाकाचा आस थेट लोखंडी चौकटीस जखडलेला असे आणि चालविणाऱ्याच्या बैठकीखाली तेवढ्या स्प्रिंगा बसविलेल्या असत. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्याची हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकल अशाच ताठ चौकटीची होती. महायुद्धानंतर अशा कित्येक मोटारसायकली दिल्लीत विकल्या गेल्या. त्यांना मागे गाडा जोडून बनविलेल्या तीनचाकी 'फटफटी' कनॉट प्लेस व जुनी दिल्ली यांच्या दरम्यान अनेक दशके उतारूंची ने-आण करीत होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या.

बैठकीखालील स्प्रिंगमुळे माणसाच्या पाठीस लागणारा धक्का कमी होतो खरा, परंतु चाकाच्या वागणुकीत काडीचाही फरक पडत नाही. उंचवट्यावर आदळलेले चाक सबंध वाहनास घेऊन वर उडते आणि तेवढा वेळ त्याचा रस्त्याशी संबंध तुटतो. यावरील उपाय म्हणजे चाक एका झुलत्या दांड्यावर बसविणे, त्या दांड्याचे पुढचे टोक चौकटीस बिजागरीप्रमाणे जोडणे आणि मागचे टोक दोन बाजूंच्या दोन आघातशोषकांनी चौकटीस टेकविणे. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कारखान्याने १९४९ साली विक्रीस काढलेल्या 'बुलेट' मोटारसायकलीत ही रचना होती. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि बुलेट भारतात तयार होऊ लागली. हार्ले-डेव्हिडसनने आपल्या मोठ्या वाहनांत मागील आघातशोषक १९५८ साली 'ड्युओ-ग्लाइड' या नमुन्यापासून बसविले. पुढे २००१ साली आलेली कावासाकी-बजाज एलिमिनेटर आणि २००५ साली तिची जागा घेणारी बजाज अ‍ॅव्हेंजर या भारतीय रस्त्यांवरील क्रूझर वाहनांतही हीच दोन आघातशोषकांची रचना आढळते.

दोन अवयव, दोन कामे

आघातशोषक दिसावयास एक वस्तू असली तरी तिच्यात दोन स्वतंत्र अवयव असतात. बाहेर दिसते ती स्प्रिंग आणि तिच्या पोटात असते ते तेलाने भरलेले नळकांडे. या दोहोंची कामे भिन्न आहेत.

स्प्रिंगचे काम भार तोलण्याचे. रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम सांगतो की, स्प्रिंगवर जितका भार टाकावा तितक्याच प्रमाणात ती दबते. भार दुप्पट केला तर दाबही दुप्पट होतो. परंतु दबलेली स्प्रिंग आपल्यात साठविलेली ऊर्जा परत करते. उंचवट्यावरून चाक वर गेले की स्प्रिंग दबते, आणि उंचवटा सरताच ती वाहनास वर ढकलते. वाहन वर जाते, पुन्हा खाली येते, पुन्हा वर जाते. स्प्रिंग एकटी असती तर हे दोलन कितीतरी वेळ चालू राहिले असते.

नळकांड्याचे काम हे दोलन शमविण्याचे. त्याच्या आत एक दट्ट्या असतो आणि त्या दट्ट्यास बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक वरखाली होताना दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेलास त्या अरुंद वाटांतून बळाने जावे लागते. या घर्षणात गतीची ऊर्जा खर्च होऊन तिची उष्णता बनते. १८४५ साली जेम्स जूल याने पाण्यात पाती फिरवून, गतीमुळे पाणी तापते हे मोजून दाखविले होते. आघातशोषकातही तेच तत्त्व आहे. खराब रस्त्यावरून दूर जाऊन आल्यावर त्याच्या नळकांड्यास हात लावला तर ते गरम लागते, याचे कारण हेच. याचाच अर्थ असा की, स्प्रिंग धक्का केवळ काही काळ साठवून ठेवते. धक्क्याचा खरा शेवट तेलात होतो.

हा फरक शाळेतही सहज दाखविता येईल. एका हलक्या स्प्रिंगेस वजन टांगून ते खाली ओढून सोडावे आणि किती वेळा वरखाली होते ते मोजावे. नंतर तेच वजन पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून तसेच करावे. स्प्रिंग तीच, वजनही तेच, तरी दोलने लवकर थांबतात. पाण्याऐवजी घट्ट तेल घेतले तर ती त्याहूनही लवकर थांबतील.

जुन्या आघातशोषकाची परीक्षा

स्प्रिंग क्वचितच मोडते. पण तेलाचे नळकांडे मात्र हळूहळू निकामी होते. दट्ट्याच्या चकचकीत दांड्यावर गंज चढून खाचा पडतात, त्या खाचांनी वरचे रबरी बूच कापले जाते आणि तेल झिरपू लागते. तेल कमी झाले की आत हवा शिरते, तेल व हवा यांचा फेस होतो आणि फेसातून दट्ट्या फारसा विरोध न होता सरकतो. हा बदल इतका सावकाश घडतो की, रोज वाहन चालविणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही.

परीक्षा सोपी आहे. वाहन सरळ उभे धरून मागचा भाग जोराने खाली दाबावा व सोडून द्यावा. तो वर येऊन एकदाच किंचित हलून स्थिर झाला तर आघातशोषक ठीक आहे. दोन-तीन वेळा उसळला तर तेलाचे काम संपले आहे असे समजावे. याखेरीज दांड्यावरील तेलाचा ओलसरपणा, गंजाचे ठिपके, वाकलेला दांडा, दोन्ही टोकांच्या कड्यांतील फाटलेले रबरी बुश आणि टायरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी पडलेले खोलगट डाग हीही लक्षणे पाहावीत.

तथापि सर्व दोष आघातशोषकाच्या माथी मारण्यापूर्वी टायरमधील हवेचा दाब आणि झुलत्या दांड्याच्या बिजागरीतील बुश अवश्य तपासावेत. बिजागरी ढिली असेल तर नवे आघातशोषक बसवूनही वाहन वळणावर डुलतच राहील.

मऊ म्हणजे आरामदायी नव्हे

क्रूझर वाहनाची घडण अशी असते की, बैठक खाली आणि पाय पुढे. बैठक खाली ठेवावयाची म्हणून मागच्या चाकास वरखाली होण्यास जागा थोडी मिळते. पाय पुढे असल्यामुळे खड्डा दिसताच चालविणाऱ्यास पावठ्यांवर उभे राहून धक्का पायांवर घेता येत नाही. तो सरळ कण्याकडे जातो. शिवाय चालविणाऱ्याचे वजन मागच्या चाकाकडे अधिक येते आणि मागे बसणाऱ्याचे तर जवळजवळ सारेच. म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ काम उरकावयाचे, अशी या वाहनातील आघातशोषकाची स्थिती असते. आरामासाठी मऊ स्प्रिंग घ्यावी हा विचार येथे फसतो. तो कसा, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, एका वाहनाच्या मागच्या चाकाची एकूण चाल ८० मिलिमीटर आहे. एकटा चालविणारा बसला असता स्प्रिंगांवर १२० किलोग्रॅम भार येतो आणि मागे ६० किलोग्रॅम वजनाचे माणूस बसले की तो १८० किलोग्रॅम होतो. दोन्ही स्प्रिंगा मिळून, चाकापाशी मोजता, दर मिलिमीटरला ४ किलोग्रॅम भार घेतात. त्या बसवितानाच १० मिलिमीटर दाबून बसविलेल्या असल्यामुळे पहिल्या ४० किलोग्रॅमपर्यंत त्या हलत नाहीत. तेव्हा एकटा माणूस बसला असता चाक २० मिलिमीटर वर येईल. ही चालीची एक चतुर्थांश झाली. माणूस बसल्यावर चालीचा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग खर्च व्हावा, हा सर्वसाधारण संकेत आहे. दोघे बसल्यावर ३५ मिलिमीटर खर्च होतील व धक्क्यासाठी ४५ मिलिमीटर उरतील.

आता मऊ स्प्रिंगा घेतल्या, दर मिलिमीटरला ३ किलोग्रॅम घेणाऱ्या. एकट्या माणसाने ३० मिलिमीटर खर्च होतील, दोघांनी ५०, आणि धक्क्यासाठी उरतील केवळ ३० मिलिमीटर. चाकास ४० मिलिमीटर वर नेणारा उंचवटा आला की आघातशोषक तळास आपटेल. त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी होते आणि महायुद्धकाळातील ताठ चौकटीचा धक्का पाठीस बसतो. दुकानात हाताला मऊ लागलेली स्प्रिंग रस्त्यावर अशी कठोर ठरते.

यावर कित्येक जण स्प्रिंगखालील खाचांची कडी पान्याने फिरवून स्प्रिंग अधिक दाबून ठेवतात. या कड्यामुळे स्प्रिंग कठीण होते, ही समजूत सार्वत्रिक असली तरी चुकीची आहे. कड्यामुळे स्प्रिंगचा कठीणपणा बदलत नाही. ती कोणत्या उंचीवर वाहन तोलते एवढेच बदलते. वरील मऊ स्प्रिंग ३५ मिलिमीटर दाबून बसविली तर दोघांच्या भाराने २५ मिलिमीटर खर्च होतील हे खरे, परंतु एकटा माणूस बसला तर केवळ ५ मिलिमीटर. मग समोर खड्डा आला असता चाकास खाली उतरण्यास वावच राहणार नाही आणि ते खड्ड्यावरून अधांतरी जाईल. यास्तव कड्याचा उपयोग नेहमीच्या भारातील फेरफारापुरता, म्हणजे एकटे की दुकटे एवढ्यापुरताच करावा. मूळ स्प्रिंगच भारास योग्य निवडावी.

अति कठीण स्प्रिंगही तितकीच वाईट. वरील उदाहरणातील ४ किलोग्रॅमच्या स्प्रिंगेवर एकट्या माणसाचा भार सेकंदास सुमारे ३ दोलने करतो. बसलेल्या मनुष्यदेहास सेकंदास ४ ते ८ या गतीची उभी कंपने सर्वांत अधिक जाचतात. स्प्रिंग फार कठीण केली की वाहनाची दोलने नेमकी या टापूत शिरतात.

बसविण्याचा कोन आणि लांबी

एका वाहनावर उत्तम ठरलेला आघातशोषक दुसऱ्यावर निकामी ठरू शकतो, कारण तो किती तिरपा बसविला आहे यावर त्याचे बळ अवलंबून असते. दांड्याशी काटकोनात उभा असलेला आघातशोषक चाकाच्या बरोबरीने दबतो. तो ३० अंशांनी तिरपा केला तर चाकापाशी स्प्रिंगचा तीन चतुर्थांश कठीणपणाच जाणवतो. ४५ अंशांनी तिरपा केला तर निम्माच. क्रूझर वाहनांत आघातशोषक पुष्कळदा बरेच तिरपे असतात. म्हणून "अमुक गाडीला बसतो, म्हणजे हिलाही बसेल" हा दुकानदाराचा सल्ला, कड्यांची मापे जुळली तरी, पुरेसा मानू नये.

लांबी म्हणजे वरच्या व खालच्या कड्यांच्या मध्यांतील अंतर. ती मूळ आघातशोषकाइतकीच ठेवणे श्रेयस्कर. वाहन अधिक बुटके व रुबाबदार दिसावे म्हणून आखूड आघातशोषक बसविण्याची हौस असते. त्यामुळे आधीच थोडी असलेली चाल आणखी घटते, टायर मडगार्डला घासू शकतो, वळणावर पावठे लवकर टेकतात आणि पुढच्या फाट्याचा कल वाढून वाहन वळविण्यास जड होते. फार लांब आघातशोषक बसविल्यास पुढचा कल कमी होऊन वेगात वाहनाची स्थिरता घटते आणि बाजूच्या स्टँडवर वाहन धोकादायकरीत्या झुकते. दोन्ही प्रकारांत झुलत्या दांड्याचा कोन बदलल्याने साखळीचा ताण नव्याने पाहावा लागतो.

येथे कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या व नोंदणीपत्रात दर्शविलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसविणे निराळे आणि वाहनाचे रूपच बदलणे निराळे. दिल्ली परिसरातील मालकाने आणखी एक गोष्ट आधी पाहावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राजधानी परिसरात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर निर्बंध घातले आणि त्याविषयीचे आदेश नंतरही बदलत गेले. आपल्या वाहनाचे वय व नोंदणी यांची खातरजमा करूनच मोठा खर्च करावा.

तेल, वायू आणि झडपा

स्प्रिंग ठरली की तेलाच्या नळकांड्याचा विचार करावा. चाक वर जाताना तेलाचा विरोध थोडा आणि खाली येताना अधिक, अशी झडपांची योजना सामान्यतः असते. वर जाताना विरोध फार असेल तर धक्का तसाच वाहनास पोहोचतो. खाली येताना मात्र दबलेल्या स्प्रिंगेस आवरावयाचे असते, म्हणून तेथे विरोध अधिक हवा. पण त्यालाही मर्यादा आहे. तो अति झाला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पुरते खाली येण्यापूर्वीच पुढचा धक्का बसतो, वाहन प्रत्येक धक्क्यागणिक खाली खाली बसत जाते आणि अखेर तळास आपटते. कठीण स्प्रिंगेस अधिक विरोधाचे तेलयंत्र लागते. केवळ स्प्रिंग बदलून जुने नळकांडे तसेच ठेवण्यात म्हणूनच अर्थ नाही.

साध्या आघातशोषकात एकात एक अशा दोन नळ्या असतात आणि तेलाबरोबर थोडी हवा असते. दीर्घकाळ खराब रस्त्यावर तेल तापून पातळ होते, त्यात फेस होतो आणि विरोध घटतो. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फ्रेंच अभियंता द कार्बों याने यावर उपाय शोधला. त्याने एकाच नळीत सरकत्या पडद्याआड दाबलेला नायट्रोजन वायू ठेवला, त्यामुळे तेलात फेस होण्यास आळा बसला. दोघांनी सामानासह लांबचा प्रवास वारंवार करावयाचा असेल तर असे वायुयुक्त आघातशोषक उपयोगी पडतात. घर ते कचेरी एवढाच प्रवास असेल तर मूळ निर्मात्याच्या प्रतीचे साधे आघातशोषक पुरतात. या बाबतीत देशी उद्योगाचा पाया जुना आहे. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली स्थापन झाली, तिचा पहिला कारखाना मुंबईत मुलुंड येथे होता. छत्रपती संभाजीनगर येथेही दुचाकींचे आघातशोषक तयार होतात.

खरेदीपूर्वी व बसविताना

दुकानात जाण्यापूर्वी मालकाने पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : नेहमीचा भार, म्हणजे चालविणारा, मागे बसणारा व सामान यांचे वजन, कड्यांच्या मध्यांतील अंतर, बुशांच्या छिद्रांचा व्यास व रुंदी, खालचे टोक कड्याचे आहे की दुपाखी, आणि स्प्रिंगचा बाहेरचा व्यास, कारण जाड स्प्रिंग साखळीच्या आवरणास किंवा धुराड्यास घासू शकते. एवढी माहिती हाती असली की करोल बागेतील गजबजलेल्या बाजारातही फसवणूक होण्याचा संभव कमी होतो.

आघातशोषक नेहमी जोडीने बदलावेत. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस थकलेला असेल तर झुलत्या दांड्यास पीळ बसतो. दाबून बसविलेली स्प्रिंग योग्य साधनाशिवाय सोडवू नये, ती उसळून गंभीर दुखापत होते. वायुयुक्त नळकांडे तर कधीही छिद्र पाडून वा तापवून उघडू नये. गळालेले तेल गटारात न टाकता कारखान्यातील जुन्या तेलाच्या पिंपात जमा करावे.

बसविल्यानंतर तीन मापे घ्यावीत. मागचे चाक अधांतरी असताना आसापासून चौकटीवरील एखाद्या ठरलेल्या खुणेपर्यंतचे अंतर, वाहन स्वतःच्या वजनावर उभे असतानाचे अंतर आणि माणसे बसल्यावरचे अंतर. पहिल्या व तिसऱ्या मापांतील फरक हा वर सांगितलेल्या संकेतात बसतो की नाही, हे पाहून कडी लावावी. काही शे किलोमीटर वाहन चालविल्यावर नटबोल्ट पुन्हा तपासावेत.

शेवटी एक गोष्ट ध्यानी ठेवणे अवश्य आहे. मोटारसायकलीचा टायर रस्त्यास केवळ तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. ब्रेकने थांबणे, वळणावर तोल राखणे, मागे बसलेल्या माणसास सुखरूप घरी आणणे, हे सारे त्या तळहाताएवढ्या स्पर्शावर अवलंबून आहे. टायर हवेत असेतो उत्तम ब्रेकही काही करू शकत नाही. आघातशोषक बैठकीच्या सुखासाठी असतो असे सामान्यतः समजले जाते, परंतु त्याचे पहिले काम चाक रस्त्यावर ठेवण्याचे आहे. ते काम नीट होत असेल तर पाठीचे सुख बहुतांशी त्याच्या मागोमाग येते. म्हणून जुन्या वाहनाची परीक्षा कस्तुरबा गांधी मार्गासारख्या सपाट रस्त्यावर न करता, नेहमीचा पुरा भार घेऊन, खडबडीत रस्त्यावर मंद गतीने करावी आणि लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीच करावी.